हातातलं वजन

गेली सहा वर्षं पोळ्याच्या आठवड्यात मी बाजाराच्या रस्त्यानं जात नव्हते. दवाखान्यातून सुटले की ऑटोवाल्याला सांगायची, मागच्या बाजूनं घे. तो म्हणायचा, बाई, तिकडून लांब पडते. पडू दे, म्हणायची. त्या आठवड्यात वर्ध्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेनं लाकडी बैल मांडलेले असतात. बोटभर उंचीचे, वीतभर उंचीचे, एखादा तर खऱ्या वासराशी बरोबरी करणारा. पांढरा रंग, शिंगांना सोनेरी बेगड, पाठीवर झूल, पायांखाली चाकांची फळी. मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो, तान्हा पोळा. लेकरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत तोरणाखाली रांगेत आणतात आणि मग घरोघरी फिरून बोजारा मागतात. कुणी चॉकलेट देतं, कुणी बिस्किटाचा पुडा, कुणी नुसतंच बैलाला कुंकू लावून बोळवण करतं. सांगलीकडची एक डॉक्टर आमच्याकडे शिकायला होती, तिला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. ती म्हणाली, लाकडाच्या बैलाला कसला पोळा? तिला म्हटलं, तुमच्याकडे नसेल, आमच्याकडे लाकडाचा बैलसुद्धा उपाशी जात नाही.

या वर्षी मात्र मी परवा आपणहून त्या रस्त्यानं चालत गेले. एका दुकानापुढं थांबले, वीतभर उंचीचा एक बैल उचलला, तळहातावर तोलला आणि आपल्याशीच म्हटलं, किलोला थोडा कमी. दुकानदारानं ते ऐकलं.

"बैल वजनावर नाई भेटत, बाई," तो हसून म्हणाला. "उंचीवर भेटते."

मी बैल खाली ठेवला आणि घरी आले. हे लिहायला बसले ती त्यामुळेच.

मी नर्स आहे. लहान लेकरांच्या तातडीच्या खोलीत माझी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. त्या खोलीबद्दल लोकांच्या मनात काहीतरी भलतंच असतं. त्यांना वाटतं, तिथं रडारड असते म्हणून ती वाईट जागा. उलट आहे. रडणारं लेकरू आलं की आमचा जीव भांड्यात पडतो. ज्याला रडायला दम आहे त्याच्याकडे वेळ आहे. आम्ही घाबरतो ते गप्प लेकराला. आईच्या खांद्यावर मान टाकून आलेलं, सुई टोचली तरी हात न ओढणारं लेकरू दारात दिसलं की खोलीतल्या सगळ्यांचं बोलणं एकदम थांबतं. कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वजन. मोठ्या माणसाला एक गोळी म्हणजे एक गोळी, मग तो पैलवान असो की काडीपैलवान. लेकरांचं तसं नाही. चार किलोचं लेकरू आणि चाळीस किलोचं लेकरू, दोन्ही आमच्याच खोलीत येतात. प्रत्येक औषध, प्रत्येक सलाईन, नळीची जाडीसुद्धा त्याच्या अंगाकडे पाहून ठरते. त्यामुळे आयुष्यात माझ्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा निघालेला प्रश्न "वजन किती?" हाच असणार. माझा नवरा म्हणतो, तू झोपेतही विचारतेस. खरं असेल.

काट्यावर ठेवायला दरवेळी सवड मिळत नाही. लेकराला झटके येत असतात, आई सोडत नसते. अशा वेळी माझे हात कामी यायचे. आईच्या कडेवरून लेकरू घेतलं की टेबलावर ठेवेपर्यंत मी आकडा सांगायची. साडेआठ. अकरा. सतरा. मागून काट्यावर घातलं की पावशेर इकडेतिकडे, त्याहून जास्त फरक नाही. नवे डॉक्टर पैजा लावायचे. मी बरोबर निघाले तर त्यांनी तर्री-पोहे द्यायचे. एका पावसाळ्यात मी आठ प्लेटा जिंकल्या, आणि आठव्या प्लेटनंतर मलाच सलाईन लावायची वेळ आली होती.

ही विद्या मला कॉलेजात मिळालेली नाही. ती आईकडून आली. आम्ही रोहणा गावचे. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी ज्याचं त्याचं गाठोडं काट्याला लागायचं. आई गाठोडं डोक्यावर चढवतानाच माझ्या कानात सांगायची, अठरा. काट्यावर ते सोळा भरायचं. ती मालकाशी भांडायची नाही. घरी येताना वाटेत एवढंच म्हणायची, "काटा खोटा बोलते, हात नाई बोलत." तेव्हा मला ते तिचं समाधान वाटायचं. पुढं मी लेकरं उचलायला लागले आणि कळलं की ती नुसतं खरं सांगत होती.

पोळ्याच्या सुमारास आमच्याकडे शेतं अंगावर येतात. सोयाबीनला शेंगा धरलेल्या असतात, कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, लागलेल्या, बांधावरचं गवत लेकराच्या डोक्यावरून गेलेलं. ऊन पडलं तर भाजतं आणि ढग आले तर गुदमरतं. तापाची लेकरं येतात, हगवणीची येतात, आणि साप चावलेली येतात. त्यांतही मण्यार. काळीभोर, अंगावर पांढऱ्या रेघा, करंगळीएवढी जाड. ती घरात येते आणि जमिनीवर निजलेल्याला चावते. मुंगी चावल्याएवढंही कळत नाही. डाग नसतो, सूज नसते. सकाळी लेकरू म्हणतं, पोट दुखते. सणाचे दिवस असतात, घरात पुरणपोळ्या झालेल्या असतात. आई म्हणते, जास्त खाल्लं. मग लेकराचे डोळे मिटायला लागतात. आई म्हणते, काल दिवसभर नाचलं, झोप झाली नाही. आणि त्या झोपेतच हळूहळू श्वास बंद पडतो. आईचं काही चुकत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातलं प्रत्येक लेकरू असंच पोट धरून पेंगत असतं.

प्रणाली माझी विद्यार्थिनी. नर्सिंगच्या पोरींना लहान मुलांचा विषय मी बरीच वर्षं शिकवला. जुन्या चादरींच्या बाहुल्या शिवून मी त्यांत वाळू भरली होती. एक पाच किलोची, एक नऊची, एक चौदाची. डोळे बांधून पोरींच्या हातात द्यायची आणि विचारायची, किती? बहुतेकजणी हसण्यावारी न्यायच्या. प्रणाली नाही. ती बाहुलीला खऱ्या लेकरासारखं मानेखाली हात घालून घ्यायची आणि ओठ हलवत आकडा शोधायची. वर्गात सगळ्यांत गप्प आणि सगळ्यांत बरोबर. माझं एक वाक्य ठरलेलं होतं, आधी वजन, मग औषध. ते तिनं वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. एकदा मी ते पाहिलं आणि मनातून सुखावले. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं असतं.

आता त्या वाक्याचा अपवाद सांगते. सर्पविषावरचं औषध वजनावर नसतं. साप लेकरू आहे म्हणून बेतानं चावत नाही. विष तेवढंच, म्हणून औषधही तेवढंच. मोठ्या माणसाला सुरुवातीला दहा बाटल्या, तर लेकरालाही दहाच. लेकरांच्या सगळ्या औषधांत वेगळं पडणारं हे एवढं एक, आणि म्हणूनच लेकरांसोबत काम करणारी माणसं त्यात चुकू शकतात. मोठ्यांच्या वॉर्डातली नर्स इथं चुकणार नाही, तिला भागाकाराची सवयच नसते. हे मला पुरेपूर माहीत होतं. पण अपवाद मी नेहमी शेवटच्या तासाला सांगायची. आधी नियम मुरू द्यावा, मग अपवाद सांगावा, असं माझं शहाणपण होतं. प्रणालीच्या बॅचला तो शेवटचा तास मिळाला नाही. कॉलेजची तपासणी येणार होती, भिंतींना रंग चालला होता, फळे उतरवून ठेवले होते. मी पोरींना म्हटलं, नंतर घेऊ. नंतर त्यांची परीक्षा आली, त्या पास झाल्या आणि जिल्हाभर पांगल्या.

सहा वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास प्रणालीचा फोन आला. ती तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात होती. तिथले एकमेव डॉक्टर बाळंतिणीच्या खोलीत अडकले होते, एका बाईचं रक्त थांबत नव्हतं. त्यांनी दारातूनच प्रणालीला सांगितलं होतं, वर्ध्याला फोन लाव, ते म्हणतील तसं कर. इकडे आमचे डॉक्टर झटके आलेल्या बाळापाशी होते आणि मी त्याच बाळाचं डोकं धरून, खांद्यानं फोन कानाशी दाबून उभी होते.

"मॅडम, पाच वर्षांची पोरगी आहे," प्रणाली म्हणाली. "मले मण्यार वाटून राह्यली. डाग नाई भेटला, पन पोट दुखते अन् डोये उघडत नाईत तिचे."

डाग नसताना, डॉक्टर शेजारी नसताना, नुसत्या पापण्यांवरून तिनं मण्यार ओळखली होती. भलेभले चुकतात तिथं. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, शाब्बास पोरी, दहा बाटल्या लाव. मी म्हटलं, "वजन किती?"

"चौदा."

"बरं. औषध सुरू कर अन् लगेच पाठव."

किती बाटल्या हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिनं का विचारावं? मॅडमनी वजन विचारलं होतं. तिनं पन्नास किलोच्या मोठ्या माणसाला दहा बाटल्या धरल्या, त्या हिशेबानं चौदा किलोला किती ते काढलं, तीन आल्या, आणि काळजीपोटी चौथी चढवली. मी शिकवलं होतं अगदी तसं.

तासाभरानं गाडी आली. वाटेत मुलीचा श्वास थांबला होता. गाडीतल्या सोबतच्या माणसानं तोंडावर श्वासाचा फुगा दाबून दाबून तिला आणली होती, पण मधली काही मिनिटं हातची गेली होती. मीच तिला गाडीतून उचलून आत नेली. आरोही नाव. अंगात फुलाफुलांचा सणाचा फ्रॉक, बोटांना कुंकवाचा रंग. उचलताच हातांनी आकडा सांगितला, तेरा. आत टेबलाशी कागद वाचला तर त्यावर चौदा. माझे हात पहिल्यांदाच किलोभर चुकले होते. त्या क्षणी तेवढा विचार करायलाही फुरसत नव्हती. नळी घातली, मशीन लावलं. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, चारच का? मग राहिलेल्या सहा बाटल्या आम्ही चढवल्या. मला तेव्हा सगळं कळलं. कळायला एक श्वास पुरला.

ती तीन दिवस होती. तिची आई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहायची, बस म्हटलं तरी बसायची नाही. आम्ही सगळे येता-जाता काहीतरी निमित्तानं त्या पलंगाशी थांबायचो. दुसऱ्या दिवशी आईनं पलंगाला अडकवलेला कागद वाचला. चौथी-पाचवी शिकलेली असेल, बोट फिरवत वाचत होती.

"चौदा झाली का हो ही?" तिनं मला विचारलं. "अंगनवाडीची बाई लई बोलायची मले. पोरगी वाढून नाई राह्यली म्हने."

तिच्या तोंडावर एवढंसं हसू आलं. मशीनच्या आवाजात, त्या तसल्या दिवसांत, तिला आपण लेकराला नीट खाऊ-पिऊ घातल्याची पावती मिळाली होती. माझे हात तेरा म्हणत होते. पण हातांचं मी आता ऐकणार नव्हते, आणि ऐकलं असतं तरी बोलले नसते. मी म्हटलं, हो, चौदा आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी आरोही गेली. आई रडली नाही. ती पण गप्पच होती, आणि आम्हाला गप्प माणसांची भीती वाटते.

आमच्याकडे लेकरू गेलं की त्याच्यावर बैठक होते. कुणाला फासावर चढवायला नव्हे, पुढच्या लेकरासाठी. मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिले. ते म्हणाले, दहा दिल्या असत्या तरी श्वास थांबला नसता असं सांगता येत नाही, मण्यारीचं विष एकदा भिनलं की औषधाचंही फार ऐकत नाही, घात रस्त्यानं केला. पण मात्रा कमी पडली हे लिहावं लागेल. मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. हा अपवाद सिस्टर लोकांना शिकवला जात नाही का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "शिकवला जातो, सर."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आधीच्या बॅचला शिकवला होता, नंतरच्या बॅचलाही शिकवला. पण विचारलं होतं ते त्या एका पोरीबद्दल, आणि ते मला कळलं होतं. त्या महिन्यात माझं नाव विभागाच्या इन्चार्जपदासाठी गेलेलं होतं. भीती होती, लाज होती, आणि खरं सांगायचं तर हिशेबीपणाही होता. ते म्हणाले, मग तिचंच दुर्लक्ष म्हणायचं. कुणीतरी ते लिहून घेतलं. मी टेबलावरच्या चहाच्या कपाच्या कडेवरची साय बोटानं काढत बसले होते, ते मला अजून आठवतं.

प्रणालीला खुलासा मागणारं पत्र गेलं. तिनं दोन ओळींत उत्तर दिलं, चूक माझी आहे, मला तातडीच्या कामावरून काढावं. तिला लसीकरणाला टाकलं. इतकी वर्षं ती अंगणवाड्यांमधून लेकरांना टोचत फिरली. मला तिची खबर इकडून तिकडून कळायची. लग्न झालं, मुलगा झाला, गावोगाव पायी जाते, लेकरं तिला भीत नाहीत म्हणे. मी फोन केला नाही. दोनदा नंबर काढून ठेवून दिला.

मी इन्चार्ज झाले. आणि हातांनी वजन सांगणं सोडलं. नव्या डॉक्टरांनी एक-दोनदा आग्रह केला, तर्री-पोह्यांची लालूच दाखवली. मी म्हटलं, काटा कशाला घेतलाय सरकारनं? त्यांना वाटलं, सिस्टरचं वय झालं. लेकरू उचललं की आकडा अजूनही आपसूक यायचा, पण मी त्याला तोंडातच गिळायची. जे हात ज्या दिवशी खरे ठरायला हवे होते त्याच दिवशी चुकले, त्यांच्यावर कसला भरवसा. रोहण्याला गेले की आई माझे हात हातात घेऊन बसते. तिचे हात आता कापतात. तिला मी हे कधी सांगितलं नाही.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी जिल्ह्यातल्या नर्सेसचं एक प्रशिक्षण असतं, त्यात सर्पदंशाचा तास माझा. त्या वर्षानंतर मी नेहमी पहिल्याच मिनिटाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते, सापाचं औषध वजनावर नाही. तीनदा सगळ्यांकडून म्हणवून घेते. नव्या पोरी हसतात, मॅडम किती वेळा सांगतात. का सांगते, ते मी कधी बोलले नव्हते. या वर्षी पाऊस लांबला, आमचं प्रशिक्षणही लांबलं आणि पोळ्याच्या पंधरा दिवस आधी आलं. सकाळी हजेरीचा कागद हातात आला, त्यात प्रणालीचं नाव. माणसं कमी पडत होती म्हणून तिला पुन्हा तातडीच्या कामावर घेतलं होतं. हॉलमध्ये पाहिलं तर ती मागच्या रांगेत भिंतीशी बसली होती. अंग थोडं भरलं होतं. मांडीवर वही होती आणि पेन उघडून तयार होता.

मी फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं. खडू खाली ठेवला. 

"सहा वर्षांपूर्वी एका पाच वर्षांच्या मुलीला दहाऐवजी चार बाटल्या मिळाल्या," मी म्हटलं. "ज्या सिस्टरनं त्या दिल्या तिचं दुर्लक्ष झालं, असं कागदावर आहे. तिचं दुर्लक्ष झालं नव्हतं. हा अपवाद तिला शिकवायचाच राहिला होता, आणि शिकवणारी मी होते. फोनवरही मीच होते. बैठकीत मला विचारलं तेव्हा मी हे सांगितलं नाही."

  मी कुणाकडे न पाहता पुढचा तास घेतला, मण्यारीच्या पापण्या, घोणस चावल्याची सूज, सगळं नीट शिकवलं. मधल्या सुट्टीत तेच कागदावर लिहून मोठ्या डॉक्टरांना देऊन आले. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि म्हणाले, ते जुनं पान दुरुस्त करून घेतो. ते मला काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

परत आले तेव्हा प्रणाली हॉलमागच्या नळावर चहाचा कप विसळत होती. मी जाऊन शेजारी उभी राहिले. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं तर तीच आधी बोलली. तिनं सांगितलं, मॅडम, त्या दिवशी माझं आणखी एक चुकलं होतं, ते कुणालाच माहीत नाही. ते चौदा खरं नव्हतं. आरोहीच्या आजोबांनी तिला सागवानी बैल करून दिला होता, सणाच्या दिवशी तिनं तो अंथरुणातही सोबत घेतला आणि दवाखान्यातही छातीशी धरून आली. काट्यावर ठेवताना काढायला गेले तर रडायला लागली. अशा लेकराला रडवून दमवू नका, हे तुम्हीच शिकवलं होतं. म्हणून बैलासकट तोललं आणि घाईत तेच लिहिलं. गाडीत घालेपर्यंत तिच्या हातातला जोर गेला, बैल सुटला आणि माझ्याच हातात राहिला.

"मंग लसीकरनाच्या काट्यावर एकडाव ठेवून पायला म्या तो बैल," ती म्हणाली. "किलोभर भरला."

 सहा वर्षं मी ज्या हातांना खोटं म्हणत होते, ते खोटे नव्हते. तेरा होती ती. माझ्या हातांत ती बरोबर तेरा भरली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण तसं काही झालं नाही. मला नुसतं तिचं अंग आठवलं, फुलाफुलांचा फ्रॉक, माझ्या कोपराच्या बेचक्यात पडलेली तिची मान. सहा वर्षांत मी तिला एकदाही नीट आठवू दिलं नव्हतं. मी तिथंच, नळाशी, रडले.

प्रणालीनं नळ बंद केला. मग सांगू लागली की त्याच वर्षी दिवाळीआधी ती तो बैल परत द्यायला आरोहीच्या घरी गेली होती. आईपुढं बसून तिनं सगळं सांगून टाकलं होतं, दहाच्या जागी चार दिल्या, चूक झाली.  आईनं एवढंच विचारलं की जाताना लेकराला फार त्रास झाला का. प्रणालीनं सांगितलं, झोप लागल्यासारखं झालं. आईनं बैल घेतला, पदरानं पुसला आणि तिला जेवून जायला सांगितलं. आता आरोहीची धाकटी बहीण तोच बैल ओढते. प्रणाली दर वर्षी तान्ह्या पोळ्याला तिथं जाते आणि त्या बैलाला बोजारा घालते.

म्हणजे जे सांगायला मला सहा वर्षं आणि भरलेला हॉल लागला, ते या पोरीनं दोन महिन्यांत, एकटीनं, त्या आईच्या डोळ्यांपुढं बसून सांगितलं होतं. मी तिची शिक्षिका. मी तिचा हात धरला. तळवा ओला होता, साबणाचा वास येत होता.

"तेरा," मी म्हटलं. "तेरा होती ना ती?"

"हो मॅडम, तेरा," ती म्हणाली. मग कप पालथा घालत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिच्या मायले बाकी सारं सांगतलं म्या. हे नाई सांगतलं. पोरगी चौदाची झालती म्हनते ते सगळ्याइले. तिले चौदाच राहू द्या, मॅडम."